अंगणातली जिप्सी

जुनी वस्तू मोडीत काढावी, की दुरुस्त करून वापरावी? दुरुस्त करायची तर सुरुवात कोठून करावी? या पाठात एका जुन्या जपानी बनावटीच्या गाडीच्या निमित्ताने या प्रश्नांचा विचार केला आहे. पाठ वाचताना गाडीच्या भागांची नावे आणि प्रत्येक भागाचे काम यांकडे लक्ष द्या.

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नळदुर्गजवळ अणदूर हे गाव आहे. ते धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या, तुळजापूर तालुक्यात येते. महामार्ग डांबरी आहे, पण तो सोडून शिवारात शिरले की काळी माती सुरू होते. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन चाकांना चिकटते. साध्या गाडीच्या दोनच चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. ती दोन चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली, की गाडी अडकते. ज्या गाडीच्या चारही चाकांना जोर मिळतो, ती अशा वाटेवरून बहुधा निघून जाते.

अशीच एक गाडी म्हणजे जिप्सी. तिचे मूळ जपानमध्ये आहे. सुझुकी कंपनीने १९७० साली जपानमध्ये 'जिम्नी' नावाची एक लहान गाडी आणली. तिचे इंजिन अवघे ३५९ घन सेंटिमीटरचे होते, पण जोर चारही चाकांना मिळत असे. पुढे याच घराण्यातील एका मोठ्या गाडीवरून आपल्या देशात 'मारुती जिप्सी' तयार झाली. ती १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आली. तेव्हा तिचे इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे होते. १९९६ मध्ये त्याहून मोठे, १.३ लिटरचे इंजिन आले. भारतीय लष्कराने आणि पोलिसांनी ही गाडी वर्षानुवर्षे वापरली. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या जिप्सी तर अनेकांनी पाहिल्या असतील. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ पर्यंत थांबली. तरीही जुन्या जिप्सी लिलावातून, हातोहाती फिरत गावोगाव पोहोचल्या आहेत.

समजा, अशी एक जुनी जिप्सी अणदूरमध्ये तुमच्या अंगणात येऊन उभी राहिली आहे. भाईजान म्हणतात, "अब्बा, आधी हिला मोठी चाके लावू. गाडी कशी रुबाबदार दिसेल!" अब्बा म्हणतात, "बेटा, आधी ती थांबते का ते पाहू. रुबाबाचे नंतर बघू." या दोघांपैकी कोणाचे म्हणणे तुम्हांला पटते? उत्तर देण्याआधी गाडीची ओळख करून घेऊ.

जिप्सीची रचना साधी आहे. खाली शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा असतो. त्याला चासी म्हणतात. पुढे एक आणि मागे एक असे दोन आस असतात. आस आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली स्प्रिंग असते. गॅरेजमध्ये तिला 'पाटे' म्हणतात. बैलगाडीला पाटे नसतात, म्हणून ती दगडावरून गेली की आपल्याला दणका बसतो. पाटे तो दणका स्वतः सोसतात. गिअरच्या पेटीमागे आणखी एक पेटी असते. तिचे नाव ट्रान्स्फर केस. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना द्यायचा की चारही चाकांना, हे ती ठरवते. तिच्यात सावकाश चालीचाही एक टप्पा असतो. त्यात चाके हळू फिरतात, पण जोर वाढतो. सायकलवरून चढ चढताना गिअर बदलला, की पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ सोपा होतो. येथेही तसेच घडते.

मग चारही चाकांचा जोर नेहमीच चालू ठेवला तर काय बिघडेल? एक सोपा प्रयोग करा. अंगणात पाणी शिंपडा आणि सायकल हळूहळू वळवा. आता ओल्या मातीवरचे माग पाहा. पुढच्या चाकाचा माग बाहेरून गेलेला दिसेल आणि मागच्या चाकाचा आतून. म्हणजे वळताना पुढचे चाक जास्त अंतर कापते. गाडीचेही असेच असते. जिप्सीत चारही चाकांचा जोर चालू केला, की पुढचे आणि मागचे आस एकमेकांशी बांधले जातात आणि दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात चाके थोडी घसरतात, म्हणून अडचण येत नाही. कोरड्या डांबरावर मात्र चाकांना घसरता येत नाही. सगळा ताण आतल्या दात्यांवर आणि दांड्यांवर येतो. स्टीअरिंग जड होते आणि कधी एखादा भाग तुटतो. म्हणून हा जोर चिखल, वाळू आणि ओल्या चढासाठी ठेवावा. महामार्गावर दोन चाकांचा जोर पुरे.

आता दुरुस्तीकडे वळू. पहिले हत्यार पाना नव्हे. पहिले हत्यार म्हणजे वही. गाडी स्वच्छ धुवा आणि रात्रभर तिच्याखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर जे डाग दिसतील, ते गाडीने लिहिलेले पत्रच समजा. काळसर डाग बहुधा इंजिनातील तेलाचा असतो. घट्ट आणि उग्र वासाचे तेल गिअरच्या पेटीतले किंवा आसातले असते. रंगीत पाणी रेडिएटरमधून गळते. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळा ओघळ दिसला, तर तो ब्रेकच्या तेलाचा असू शकतो. असे असेल तर ती गाडी चालवू नये. प्रत्येक डागाची जागा वहीत लिहून ठेवा.

गाडीखाली जाण्याआधी पुढील नियम पाळलेच पाहिजेत. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा. जी चाके उचलायची नाहीत, त्यांच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. तो सरकला, तर काही क्षणांत माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून सांगाड्याखाली मजबूत लोखंडी आधार ठेवल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये. विटांचा आधार कधीही घेऊ नये, कारण वीट अचानक फुटते. विजेचे काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. पेट्रोलजवळ काडी ओढू नये. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो प्राण घेतो. तुम्ही अजून लहान आहात. म्हणून हे काम मोठ्यांच्या सोबतीनेच करा.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती वळली पाहिजे आणि त्यानंतर ती धावली पाहिजे. म्हणून पहिला मान ब्रेकचा. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक असते. दुसरा मान स्टीअरिंगचा. जिप्सीच्या पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना गोल गाठी असतात आणि त्यांच्यावर चाके वळतात. या गाठींतील बेअरिंग झिजले, की विशिष्ट वेगाला स्टीअरिंग थरथरू लागते. गाठीचे सील फाटले, तर आतले ग्रीस बाहेर येते आणि धूळपाणी आत जाते. त्यानंतर पाटे तपासावेत. एखादी पट्टी तुटली असेल, तर गाडी एका बाजूला कललेली दिसते.

इंजिनाची पाळी यानंतर येते. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहा. फिकट तपकिरी रंग चांगला. काळी काजळी असेल, तर इंजिनाला पेट्रोल जास्त किंवा हवा कमी मिळत असावी. त्या वेळी आधी हवेची जाळी साफ करा. धुळीच्या भागात ती लवकर भरते. एखादा भाग सोडवताना प्रत्येक पायरीचे छायाचित्र मोबाइलवर घ्या आणि त्या भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहा. चाक बसवताना नट ओळीने आवळू नका. एक आवळला, की त्याच्या समोरच्या बाजूचा घ्या. त्यामुळे चाक सरळ बसते.

काढलेले जुने तेल कोठे ओतायचे? विहिरीजवळ नाही, गटारात नाही आणि मातीतही नाही. ते डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. आपली गाडी सुधारताना गावाचे पाणी बिघडले, तर तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

आता भाईजानच्या मोठ्या चाकांचा विचार करू. मूळ चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर आहे आणि त्या जागी ७३ सेंटिमीटरचे चाक लावले, असे समजा. चाकाचा घेर सुमारे दहा टक्के वाढेल. एका फेऱ्यात गाडी तेवढे जास्त अंतर जाईल. पण वेग दाखवणाऱ्या काट्याला ही गोष्ट कळणार नाही. तो ६० दाखवील तेव्हा खरा वेग सुमारे ६६ असेल. मोठ्या, जड चाकांना थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतील. शिवाय जिप्सीची रुंदी सुमारे दीड मीटर आणि उंची त्याहून जास्त आहे. तिला आणखी उंच केले, तर वळणावर कलंडण्याचा धोका वाढेल. दिसायला रुबाब वाढला, पण गाडी कमजोर झाली, असे होईल.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट ठामपणे सांगितली. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली, की तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून मोठा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

मग बदल करूच नयेत का? काही बदल अवश्य करावेत. फाटलेले छत नवे शिवावे. गंजलेला पत्रा खरवडून त्याला गंजरोधक रंग द्यावा. जुन्या, उघड्या पडलेल्या तारा बदलून प्रत्येक तारेला योग्य फ्यूज बसवावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार कधीही जोडू नये, कारण त्यामुळे आग लागते. सांगाड्याला तडा असेल किंवा ब्रेकचे मोठे काम असेल, तर ते जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे. आपल्याला काय येत नाही, हे ओळखणे हाही हुन्नरच आहे.

मित्रांनो, या पाठात दुरुस्त, कारागीर, मजबूत, हुन्नर असे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूत तुम्ही 'कारीगर' म्हणता, मराठीत आपण 'कारागीर' म्हणतो. उर्दूतील 'हुनर' मराठीत 'हुन्नर' झाला. दोन्ही भाषांनी कामाचे शब्द सांभाळून ठेवले आहेत. त्यांच्यामागचे काम आपण सांभाळायचे आहे. एखादा भाग तेथे का आहे, हे कळल्याशिवाय तो काढू नये. आणि कळल्यावर तो दुरुस्त करायला घाबरू नये. अब्बांनी आधी ब्रेक पाहायला सांगितले, त्याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

शब्दार्थ
शिवार : गावाभोवतीची शेतजमीन
आस : ज्याच्या टोकांना चाके बसवतात तो दांडा
माग : चाकाची किंवा पावलाची उमटलेली खूण
घेर : गोल वस्तूच्या कडेची लांबी
कलंडणे : एका बाजूला पडणे
नूतनीकरण : मुदत संपल्यावर पुन्हा नवे करून घेणे
हुन्नर : कामातील कौशल्य

स्वाध्याय
प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारुती जिप्सी बाजारात केव्हा आली?
(आ) ट्रान्स्फर केस कोणते काम करते?
(इ) विटांचा आधार का घेऊ नये?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर वापरू नये.
(आ) मोठी चाके लावल्यावर वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही.
(इ) बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये.

प्रश्न ३. 'आधी ती थांबते का ते पाहू' या अब्बांच्या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, कोरडा, मजबूत, दुरुस्त.

प्रश्न ५. पुढील वाक्य नकारार्थी करा : 'ती गाडी चिखलातून निघते.'

उपक्रम : सायकलच्या मागांचा प्रयोग करा आणि दिसलेले माग वहीत काढा. घरातील एखादी बंद पडलेली वस्तू मोठ्यांच्या मदतीने उघडून पाहा. तिच्या तीन भागांची नावे आणि कामे मराठीत लिहा.