मंजुरीची मुदत संपल्यावर प्राणिगृहातील प्राणी

भस्मकल्पांवरील पदव्युत्तर प्रबंधात बहुधा प्राणिप्रयोगाची मंजुरी आधी मिळते व पुटे मागाहून दिली जातात. शोधन, मारण, भस्मपरीक्षा यांत महिने जातात. ९० दिवसांचा विषाक्तता-अभ्यास निम्मा होतो न होतो तोच मंजुरीपत्रावरील मुदत संपते. मग पिंजऱ्यातील उंदरांचे काय करावयाचे?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खालील १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून प्रयोग करता येत नाही. म्हणून मुदत संपताच औषध पाजणे, रक्त काढणे, प्रयोगार्थ उपाशी ठेवणे थांबवावे. अन्न, पाणी, पिंजऱ्यातील तूस बदलणे व रोजची पाहणी मात्र अखंड चालावी, सुटीच्या दिवशीही. (प्राणिगृहाच्या सेवकास हे लेखीच कळवावे.)

खरी अडचण स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांची असते. त्यांची तहान व मूत्रप्रवृत्ती वाढलेली असते, तूस लवकर भिजते. प्रयोग थांबला तरी व्याधी थांबत नाही. अशा प्राण्यास आराम पडावा म्हणून पशुवैद्याने सांगितलेली चिकित्सा हा प्रयोग नव्हे, ती रोखू नये. यातना अनावर झाल्यास वेदनारहित मृत्यूचा निर्णयही पशुवैद्याच्या सल्ल्याने व मान्य पद्धतीनेच व्हावा. पिंजरे रिकामे करण्याची घाई हे त्याचे कारण नव्हे.

मधल्या काळातील नोंदी प्रबंधात घेण्याचा मोह होतो. त्या घेऊ नयेत. औषधात खंड पडल्याने ९० दिवसांची मालिकाही तुटते, आणि बहुधा नवे प्राणी घेऊन आरंभापासून प्रयोग करावा लागतो; म्हणजे पहिल्या प्राण्यांनी सोसलेले व्यर्थ जाते. मुदतवाढीचा अर्ज मुदतीपूर्वी द्यावाच. परंतु आमच्या मते मूळ अर्जच भस्म सिद्ध झाल्यावर करावा.