वयात येणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण : धडा वेळेवर हवा

‘कावळा शिवला’ हा वाक्प्रचार महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या परिचयाचा आहे. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने तो सभ्यतेचा आडपडदा. परंतु जिला प्रथमच रक्तस्राव झाला आहे, त्या मुलीला त्यातून काय बोध व्हावा? आपल्याला जखम झाली वा एखादा रोग जडला, या भीतीने ती गप्प राहते.

वस्तुतः हा क्रम अगदी स्वाभाविक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे मुलींची अंडाशये आणि मुलांची वृषणे कार्यप्रवण होतात. मुलींमध्ये हे बदल बहुधा ८ ते १३ व मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. पहिली पाळी सर्वसाधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी, क्वचित दहाव्या वर्षीही येते. आरंभीची एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. एवढी माहिती आधी मिळाली असती, तर किती रडणे वाचले असते!

येथेच आपल्या शिक्षणक्रमातील विसंगती दिसते. राज्य मंडळाच्या पुस्तकांत मानवी प्रजननाचा सविस्तर पाठ येतो तो दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’मध्ये. तोपर्यंत बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षे लोटलेली असतात. शिवाय तो पाठही ‘घरी वाचून घ्या’ असे सांगून उरकणारे शिक्षक आहेतच. शिक्षकांनाच दोष देणे मात्र न्याय्य नाही; त्यांना तरी हे कोणी शिकविले होते?

मुलांची उपेक्षा तर त्याहून अधिक. झोपेत वीर्यस्खलन होणे ही नैसर्गिक घटना. आपण मात्र तिला ‘स्वप्नदोष’ म्हणतो, म्हणजे नावातच दोष! या एका शब्दावर भोंदू वैद्यांचा धंदा चालतो. मुलींना पाळीविषयी सांगताना मुलांना वर्गाबाहेर काढण्याची रीतही अनिष्ट आहे. डाग पडलेल्या गणवेशाला हसणारा मुलगा अज्ञानापोटीच हसतो.

या विषयाला विरोध नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि त्यापायी खटले सोसले. २००७ मध्ये केंद्राच्या पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रमालाही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध होऊन तो रोखण्यात आला. अशा शिक्षणाने मुले बिघडतील, ही पालकांची शंका प्रामाणिक असते. परंतु त्यामुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, असा निर्वाळा युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत संशोधनाच्या आधारे दिलेला आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक बालकास लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. १०९८ हा साहाय्य क्रमांकही आहे. पण ज्या बालकाला स्वतःच्या अवयवांची नावे उच्चारण्याचीच लाज शिकविली, ते तक्रार कोणत्या शब्दांत करणार?

आरंभ साधाच असावा. पाचवी-सहावीपासून आरोग्याच्या तासाला या विषयाला जागा द्यावी, आधी पालकसभेत पाठ समजावून सांगावा आणि वर्गात एक बंद प्रश्नपेटी ठेवावी. चिठ्ठीवर नाव लिहावयाचे नाही. उत्तर ठाऊक नसल्यास शिक्षकाने तसे कबूल करावे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे आणि पुढील तासाला ते सर्व मुलामुलींसमोर सांगावे.