जिवाणूंचे पॉलिस्टर : ठिसूळ मालापासून मजबूत धाग्यापर्यंत

माझ्या एका व्यापारी मित्राने पिशव्यांसाठी फिल्मचे काही रोल मोठ्या उमेदीने घेतले. ‘जिवाणूंपासून बनलेला माल, मातीत कुजतो’ असे त्याला सांगण्यात आले होते. घेताना फिल्म छान वाकत होती. गोदामात चार महिने राहिल्यावर मात्र घडी घालताच ती तडकू लागली आणि रक्कम बुडाली. विक्रेत्याने फसविले, असे मित्र म्हणतो. मला वाटते, मालाचा स्वभाव दोघांनाही ठाऊक नव्हता. तो आपण समजून घेऊ.

हा माल काय आहे?

काही जिवाणूंना साखर किंवा तेल भरपूर मिळाले, पण नायट्रोजनसारखे दुसरे पोषण कमी पडले, की ते आपल्या शरीरात एक पदार्थ साठवतात. आपल्या अंगावर चरबी साठते तसाच हा प्रकार. १९२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये मॉरिस लेमोइन यांनी तो ओळखला. त्याला थोडक्यात पीएचबी म्हणतात. हे खरोखरीचे पॉलिस्टरच आहे. फरक इतकाच की माती आणि समुद्रातील जिवाणू ते खाऊन टाकतात. आपले नेहमीचे पॉलिस्टर वर्षानुवर्षे तसेच राहते.

खोट कोठे आहे?

पहिली खोट उष्णतेची. पीएचबी सुमारे १७५ ते १८० अंशांवर वितळते आणि त्याच्या थोडे वर गेले की त्याच्या लांब साखळ्या तुटू लागतात. मशीनवाल्याला चुकायला जागाच नाही. दुसरी खोट साठवणुकीची. साध्या हवामानातही आतले स्फटिक हळूहळू वाढत राहतात आणि माल ठिसूळ होतो. साधी फिल्म ५ टक्क्यांच्या आसपास ताणली की तुटते. मित्राच्या गोदामात असेच काहीसे घडले असावे.

इलाज ओढण्यात आहे

सुरतेचे पी.ओ.वाय. ओढल्याशिवाय पक्के सूत होत नाही, हे भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांना सांगायला नको. ओढल्याने साखळ्या एका दिशेला लागतात. येथेही तत्त्व तेच, फक्त रीत वेगळी.

जपानमध्ये तादाहिसा इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम जिवाणूंकडून नेहमीपेक्षा खूप लांब साखळीचे पीएचबी तयार करून घेतले. वितळलेला धागा बारीक छिद्रातून काढून थेट बर्फाच्या पाण्यात सोडला. पीएचबी ४ अंशांच्या आसपासपर्यंत रबरासारखे मऊ असते. एकदम थंड केल्यामुळे स्फटिक बनायला वेळ मिळाला नाही, म्हणून तो धागा बर्फाच्या पाण्यातच कित्येक पट ओढता आला. त्यानंतर तो साध्या तापमानात पुन्हा ओढला आणि ताण ठेवूनच गरम करून पक्का केला. २००४ साली जाहीर झालेली त्याची मजबुती सुमारे १.३ गिगापास्कल होती. म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाला सुमारे १३० किलो वजन! साध्या पीएचबीला तेथे ४ किलोच्या आसपास वजन पेलते.

पुढे त्यांनी आणखी सोपी रीत काढली. थंड केलेला धागा काही काळ बर्फाच्या पाण्यातच ठेवायचा, म्हणजे आत स्फटिकांचे बारीक बी तयार होते. मग साध्या तापमानात एकदाच ओढायचा. या रीतीने नेहमीच्या लांबीच्या साखळीचा मालही १ गिगापास्कलवर गेला.

फिल्मचेही तसेच. लांब साखळीची फिल्म १६० अंशांच्या तेलात ओढल्यावर ती ५० टक्क्यांहून जास्त ताणली गेली आणि सहा महिने ठेवूनही ठिसूळ झाली नाही.

दुसरा मार्ग भेसळीचा, पण चांगल्या अर्थाने. जिवाणूंकडूनच साखळीत दुसरी कडी मिसळून घेतली की माल मऊ होतो आणि कमी उष्णतेवर वितळतो. जपानची कानेका कंपनी वनस्पती तेलापासून असा माल बनविते.

खरेदीपूर्वी विचारा

१) माल साधा पीएचबी आहे की मिश्र कडीचा?
२) फिल्म ओढलेली आहे का, आणि किती महिन्यांपूर्वी बनली?
३) जुना नमुना मिळेल का? त्याची घडी घालून पाहा.
४) ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकत असल्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का?

हा माल आजही नेहमीच्या पॉलिस्टरपेक्षा महाग आहे; त्यामुळे घाईने भांडवल अडकवू नका. पण सूत ओढण्याचे हुनर आपल्या कारीगरांच्या हातात पिढ्यांपासून आहे. उद्या हा धागा बाजारात आला, तर त्याचा स्वभाव ओळखणाराच त्यावर कमावेल. आणि गिऱ्हाइकाला मालाचा गुण सांगताना त्याची खोटही सांगा. दुकानाची साख त्यावरच टिकते.