झोप होते, तरी शीण जात नाही

प्रश्न : माझं वय ४१. घर बोरिवली पूर्वेला, नोकरी चर्चगेटला. पहाटे पाचला उठते, डबे भरते आणि चहा-बिस्किटावर लोकल गाठते. दुपारी एकला डबा, संध्याकाळी गाडीत मैत्रिणींबरोबर चकली, फरसाण असं काहीबाही. घरचं आवरून जेवायला साडेदहा वाजतात. रविवारी उशिरापर्यंत झोपले तरी उठताना अंग जडच असतं. थकवा घालवणारा असा काही खास आहार आयुर्वेदात आहे का? नुसतं 'अश्वगंधा घ्या' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आहे, आणि चांगला चविष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात द्रव्यांचे ५० गट पाडले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यांतला एक गट खास श्रम घालवणाऱ्यांचा : द्राक्षं, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजिराच्या जातीचं फळ, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. अश्वगंधा या दहांत नाही. ती बळ वाढवणाऱ्या दुसऱ्या गटात येते. म्हणजे बोरिवली स्टेशनाबाहेर हंगामात जी फळं हातगाडीवर मिळतात, त्यांतली काही तरी चरकांच्या यादीतली निघतील.

पण ही यादी दमलेल्या माणसासाठी आहे. दिवसभर राबलं, चार खजूर खाल्ले, झोप काढली आणि सकाळी टवटवीत उठलं, असा तो हिशेब. तुमचा शीण विश्रांतीनं जात नाही, म्हणून तुम्हाला फळं सांगण्याआधी रक्त तपासायला सांगते.

हे काही आयुर्वेद सोडून बोलणं नव्हे. चरकांनी चिकित्सास्थानात पांडुरोगाला अख्खा अध्याय दिला आहे. अंग फिकं पडणं, बळ कमी होणं, थोड्या श्रमानं दमणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं, आणि उपचारांत लोहाचे योग. पांडूचा एक प्रकार त्यांनी माती खाण्याशी जोडला आहे. रक्तात लोह कमी पडलं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे आजचे डॉक्टरही सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. तेव्हा स्टेशनचा पूल चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागते का, पाळीत रक्तस्राव फार होतो का, हे आधी बघा. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर एकदाच तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असू नये. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे जास्त लक्ष द्या. महापालिकेचे 'आपला दवाखाना' नोकरदारांना सोयीचे पडावेत म्हणून संध्याकाळीही उघडे असतात; रजा काढायची गरज नाही. अहवाल हातात येईपर्यंत लोहाची गोळी नको आणि मंडूर भस्मासारखं आयुर्वेदिक लोहही नको.

तपासण्यांत काही निघालं नाही, किंवा निघालेल्यावर उपचार सुरू झाले, की मग दिनचर्येकडे वळू. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते काय खाता यापेक्षा केव्हा खाता. आधीचं पचलं नसताना वर पुन्हा खाणं याला ग्रंथांत अध्यशन म्हणतात, आणि वेळ चुकवून, कमी-जास्त खाणं हे विषमाशन. तुमच्या दिवसात दोन्ही आहेत. सकाळी नुसतं चहा-बिस्किट, संध्याकाळी गाडीत तळलेलं, साडेदहाला पूर्ण जेवण आणि मग आडवं होणं. रात्रभर जठर कामाला लागलेलं असताना सकाळी अंग हलकं कसं वाटेल?

उपाय गाडीतच आहे. चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी सुटली. तेव्हापासून त्या डब्यांत भाज्या निवडून झाल्या, डोहाळजेवणं झाली, नवरात्रात गरबे झाले. तिथे एक जेवण सहज होईल! सकाळी डबे भरताना आणखी एक छोटा डबा भरा : मुगाचं धिरडं, थालीपीठ, काहीही; फक्त भाजणीचे वडे नकोत. बसायला जागा मिळाली की फरसाणाऐवजी तो खा. तेच तुमचं रात्रीचं जेवण. घरी पोचल्यावर भूक असली तर मऊ भात, मेतकूट आणि वर तूप, नाहीतर मुगाचं कढण. घरच्यांना वाढून शेवटी उरलेलं खायची सवय मात्र यासाठी मोडावी लागेल. माझ्या मते बायकांच्या थकव्याला तीही मोठं कारण आहे, आणि तिच्यावर कुठलाच काढा चालत नाही.

सकाळचा चहा सोडा म्हणत नाही, मुंबईत तसं सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. फक्त तो जेवणाला चिकटू देऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. तासाभराचं अंतर ठेवा. बिस्किटांच्या जागी नाचणीची पातळ आंबील ताकातून घ्या, नाहीतर दोन खजूर आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट शोषलं जाईल. थंडीत अहळिवाचा लाडू जरूर खा. तो काही बाळंतिणीचीच मक्तेदारी नाही. पावसाळ्यात मात्र लाडू-पाक आवरते घ्या. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो असं शास्त्र सांगतं. सुंठ घातलेलं ताक आणि कुळथाचं पिठलं या दिवसांत बरं. आणि श्रावणी सोमवारी दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खाऊन 'उपास करून थकवा आला' म्हणू नका. साबुदाण्यात स्टार्चखेरीज फारसं काही नाही. एक वेळ राजगिरा किंवा वरीचे तांदूळ करा.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण पश्चिम रेल्वेनं जाणाऱ्या बऱ्याच बायका करतात म्हणून विचारते. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच कमी पिता का? चरकांनी तेरा वेग दाबू नयेत असं बजावलं आहे. त्यांत मूत्र आहे, तहान आहे, भूक आहे, झोप आहे आणि श्रमानंतर लागणारा श्वासही आहे. लोकलच्या वेळापत्रकात यांतले चार तरी आपण रोज दाबतो. निदान ऑफिसात पोचल्यावर आणि निघण्याच्या तासभर आधी पोटभर पाणी प्या. अंगात पाणी कमी असलं तर डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला थकवा समजतो.

शेवटचं, तेलाचं. रोजच्या अभ्यंगानं श्रम आणि वात शमतो असं वाग्भट अष्टांगहृदयात सांगतात. रोज सर्वांगाला तेल लावणं पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या इमारतीत जमणार नाही, हे मान्य. पण डोकं, कान आणि पाय यांना विशेषेकरून लावावं असंही तेच म्हणतात. झोपताना तळव्यांना थोडं खोबरेल किंवा तिळाचं तेल लावून काश्याच्या वाटीनं घासा. माळ्यावर आजीची वाटी असेलच. वाटीनं रक्त वाढत नाही, पण त्या वेळात हातात फोन राहत नाही, एवढ्यानंही झोप लवकर लागते.

प्रश्न : मी अंधेरीला सीप्झमध्ये रात्रपाळी करतो. दिवसा झोपू नये असं आयुर्वेद म्हणतो. मग आम्ही काय करायचं?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : दिवसा झोपा. ग्रीष्म सोडून दिवसा झोपू नये हा नियम रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. जागरण झालेल्यानं जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावं, असं वाग्भटांनी सांगून ठेवलंय. त्यातलं 'न जेवता' तुम्हाला फार उपयोगी आहे : पाळी संपल्यावर मिसळपाव चापून झोपू नका. 'निम्मा वेळ' मात्र एखाद्या जागरणाचा हिशेब आहे. रोजच्या रात्रपाळीला पूर्ण सात तास लागतात. जाड पडदे लावा, आणि पहाटे तीननंतर कॉफी बंद.

प्रश्न : घाटकोपरला आमच्या मजल्यावरची जैन कुटुंबं चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यानं थकवा कमी होतो का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : त्यांचं कारण धर्माचं आहे, ते त्यांच्याकडे. लवकर जेवण्याचा भाग जरूर उचला; आठपर्यंत ताट पुसलं तरी पुरे. पाणी सोडू नका, विशेषतः मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

प्रश्न : वडिलांसाठी मुलुंडच्या एका दुकानातून 'शक्तिवर्धक' भस्माच्या गोळ्या आणल्या. पाकिटावर घटक नीट लिहिलेले नाहीत. देऊ का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नको. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भस्म हे नोंदणीकृत वैद्यानं, माणूस तपासून, ठरावीक दिवसांसाठी द्यायचं औषध आहे. अश्वगंधेचंही तेच : थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये, गरोदरपणी तर नाहीच.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. महिनाभर संध्याकाळी कणकण असते, खोकला आहे, वजन उतरलंय, सारखा झोपून असतो. कोणता रसायनयोग सुरू करू?
– एक आई, मुलुंड

उत्तर : कोणताही नाही. उद्याच महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन त्याचा बेडका तपासून घ्या आणि छातीचा एक्स-रे काढा. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. आहाराचं मग पुन्हा लिहा, सविस्तर सांगेन.