जुलाब किती दिवस आणि किती रात्री?



गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज सगळं आपण मोकळेपणानं बोलतो. पोट बिघडल्याचं मात्र बैठक संपल्यावर, चपला घालता घालता कानात सांगितलं जातं. "अगं, महिना झाला, पातळच होतंय. माझं पोटच तसलं." म्हणून या अंकात हा विषय.

उरवड्यात पावसाळ्यात जुलाब लागणं नवीन नाही. पण साधे जुलाब बहुतेक वेळा आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत थांबतात. चार आठवडे उलटूनही दिवसाला तीन किंवा जास्त वेळा पातळ होत असेल, तर ते जुनाट जुलाब. त्याचं कारण कालच्या जेवणात शोधून सापडत नाही. लहान मुलांसाठी मात्र एवढी वाट बघायची नाही. चौदा दिवस म्हणजे फार झाले, आणि मूल मलूल पडलं किंवा पाणी पीत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

दिवस आठवणीवर मोजू नका. रोज किती वेळा जावं लागलं तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गटाची वही लिहिणाऱ्या आपण, हे काय अवघड! रात्री झोपेतून उठून जावं लागलं तर आकड्याला गोल करा. हा गोल फार कामाचा. काहींचं आतडं नुसतंच नाजूक असतं: ताण आला की कळ येते, जाऊन आलं की बरं वाटतं, रात्री झोप शांत. पण झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, बारीक ताप, किंवा आपोआप उतरलेलं वजन (ब्लाउज सैल झाला, बांगड्या वर सरकायला लागल्या) यातलं एकही दिसलं तरी थांबायचं नाही. मागे आतड्याचा टीबी, आतड्याची सूज, थायरॉइड असं काहीही असू शकतं, क्वचित कॅन्सरही. तपासल्याशिवाय कळत नाही.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. गोळ्या नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं तर आतून रक्त जात असू शकतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या काहींना त्या गोळीनंच जुलाब होतात. ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

कंपनीत शिफ्ट बुडू नये म्हणून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली जाते, ते मला पटत नाही. रक्त किंवा ताप असताना ती धोक्याची. ओआरएसचं पाकीट मात्र घरात हवंच, एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात.

आणखी एक. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते. जुलाबानंतर पायांत मुंग्या आल्या, जोर कमी वाटला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना कॅलेंडरचं पान आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. शौच तपासायला डबी देतील. लाजू नका. नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, आणि तो ताजा असतानाच द्या.