पार्श्वनकाशा नाहीसा होतो तेव्हा

संगणकावर नकाशे रचणाऱ्या अभ्यासकाला एक अनुभव कधी ना कधी येतोच. कालपर्यंत पडद्यावर नद्या, रस्ते व गावे यांची पार्श्वभूमी व्यवस्थित दिसत होती. आज तीच फाईल उघडली असता त्याने नोंदलेल्या विहिरींचे ठिपके तेवढे कोऱ्या पटावर तरंगताना दिसतात. आपले काम नष्ट झाले, असे त्याला वाटते. वस्तुतः नष्ट झालेले काहीच नसते. पार्श्वनकाशा मुळात त्याच्या संगणकात नव्हताच.

क्यूजीआयएससारख्या प्रणालीत अभ्यासकाची स्वतःची माहिती सामान्यतः त्याच्या संगणकात असते. पार्श्वनकाशा मात्र बहुधा दूरच्या संगणकाकडून इंटरनेटद्वारे मागवला जातो. तो अखंड येत नाही. तो चौकोनी तुकड्यांच्या रूपाने येतो व हे तुकडे फरशीप्रमाणे एकमेकांस जोडले जातात. शून्य पातळीवर जवळजवळ सारे जग एका तुकड्यात मावते. पुढील प्रत्येक पातळीवर एकाचे चार होतात. दहाव्या पातळीवर त्यांची संख्या १०,४८,५७६ भरते. पातळी, स्तंभ व ओळ या तीन अंकांनी प्रत्येक तुकड्याचा पत्ता ठरतो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ या पत्त्यापासून करावा. तीनही अंकांच्या जागी शून्य घालून तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा. जगाचा नकाशा दिसला, तर पत्ता शाबूत आहे. दोष प्रणालीच्या इंटरनेट-जोडणीत, विशेषतः प्रॉक्सीच्या नोंदीत, शोधावा. नकाशाऐवजी ४०४ हा अंक आला, तर त्या पत्त्यावर आता काही नाही. ४०१ किंवा ४०३ आल्यास परवानगी नाकारली गेली आहे, आणि ४२९ आल्यास मागण्या मर्यादेबाहेर गेल्या आहेत, असे समजावे.

पत्ता बदलल्याचे एक ठळक उदाहरण २०२३ मधील आहे. स्टेमेन या अमेरिकी संस्थेचे ‘टोनर’, ‘टेरेन’ व ‘वॉटरकलर’ हे नकाशे अनेक वर्षे विनामूल्य वापरले जात. त्या वर्षी त्यांच्या वितरणाचे काम स्टेडिया मॅप्स या संस्थेकडे गेले आणि जुन्या पत्त्यांवरून होणारा पुरवठा थांबला. जुना पत्ता जपून ठेवलेल्या फाइलींतून ते नकाशे दिसेनासे झाले. अशा वेळी प्रणाली पुन्हा बसवून उपयोग होत नाही. नोंदणी करून नवा पत्ता व त्याची किल्ली घालावी लागते.

याहून फसवा दोष निराळाच आहे. पार्श्वनकाशा दिसतो, परंतु ठिपके भलतीकडे पडतात. याचे कारण सहनिर्देशांच्या पद्धतीत असते. भोपाळचे स्थान अंशांत सुमारे ७७ पूर्व व २३ उत्तर असे आहे. हेच अंक मीटर आहेत असे प्रणालीस सांगितले, तर भोपाळची विहीर आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात, विषुववृत्त व ग्रिनिचचे रेखावृत्त जेथे छेदतात तेथून अवघ्या ७७ मीटर पूर्वेस व २३ मीटर उत्तरेस जाऊन पडते. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते. लहान चूक येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर उपग्रहांच्या साहाय्याने घेतलेली स्थाने डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीत असतात. त्यांचे योग्य रूपांतर न करता एकावर एक ठेवल्यास काही शे मीटरांची तफावत पडू शकते. तेवढ्याने विहीर शेजारच्या गावात जाते आणि पाण्याचा हिशेब चुकतो. अशा वेळी ठिपके हाताने सरकवणे हा उपाय नव्हे. माहिती मूळ कोणत्या पद्धतीत नोंदली गेली ते शोधून तीच पद्धत प्रणालीस सांगावी, व मगच रूपांतर करावे.

कोरा पडदा निदान आपला दोष उघड सांगतो. सरकलेला नकाशा तो लपवतो. यास्तव पार्श्वनकाशा परत दिसू लागल्यावरही जागेवर जाऊन पाहिलेला एखादा पूल किंवा चौक नकाशावर योग्य ठिकाणी आहे की नाही, हे पडताळून पाहिल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.