रस्ता बंद, पण निरोप पोहोचतो : इंटरनेटची पर्यायी वाट वर्गात कशी शिकवावी?



मालेगावजवळचा रस्ता बंद असला की वाशिमहून कारंजाला जाणारा माणूस घरी बसत नाही, मंगरूळपीरकडून जातो. इंटरनेटवर पाठवलेली माहितीही तसंच करते. फरक एवढाच की तिथे वाट शोधायचं काम राउटर नावाची यंत्रं करतात, तेही आपल्याला न विचारता. हे कसं घडतं ते पाचवी ते सातवीच्या मुलांना एका तासिकेत खेळातून समजावता येतं.

आधी थोडी माहिती

इंटरनेटचं मूळ मानलं जाणारं अर्पानेट हे जाळं 1969 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. सुरुवातीला प्रत्येक यंत्र शेजाऱ्याला विचारायचं, "तुझ्याकडून अमुक ठिकाण किती लांब?" म्हणजे सगळा कारभार ऐकीव माहितीवर. शेजाऱ्याची माहिती जुनी निघाली की पुढच्या सगळ्यांची वाट चुकायची. म्हणून 1979 मध्ये तिथे नवी पद्धत आली. प्रत्येकाने फक्त आपल्याला थेट जोडलेल्या वाटांची खरी माहिती सगळ्यांना सांगायची, आणि ती जोडून प्रत्येकाने पूर्ण नकाशा स्वतःच तयार करायचा. हीच लिंक-स्टेट पद्धत. आज मोठ्या संस्थांच्या जाळ्यात वापरली जाणारी ओएसपीएफ ही नियमावली याच पद्धतीची आहे. नकाशावरून सगळ्यात कमी खर्चाची वाट काढायची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केली होती.

खेळ : आपला जिल्हा, आपलं जाळं

सात मुलं म्हणजे सात गावं. दोऱ्यांनी ती जोडा. प्रत्येक दोरीला गुण द्या (हे खेळासाठी धरलेत, किलोमीटर नव्हेत) :

- वाशिम–मालेगाव 2
- वाशिम–रिसोड 4
- वाशिम–मंगरूळपीर 4
- मालेगाव–रिसोड 3
- मालेगाव–शेलूबाजार 3
- शेलूबाजार–मंगरूळपीर 2
- शेलूबाजार–कारंजा 4
- मंगरूळपीर–मानोरा 3
- मानोरा–कारंजा 4

पायरी 1. प्रत्येक मूल आपल्या दोऱ्या आणि त्यांचे गुण चिठ्ठीवर लिहितं, वर "चिठ्ठी क्र. 1" असा क्रमांक टाकतं आणि चिठ्ठीच्या प्रती शेजाऱ्यांना देतं. शेजारी ती उतरवून घेऊन पुढे पाठवतो. तीच चिठ्ठी पुन्हा आली तर बाजूला ठेवायची. थोड्या वेळात सातही वह्यांत सारखाच नकाशा तयार होतो.

पायरी 2. वाशिमहून कारंजाला स्वस्त वाट कोणती? मुलं बेरीज करतात : मालेगाव–शेलूबाजारमार्गे 2+3+4 = 9, मंगरूळपीर–शेलूबाजारमार्गे 4+2+4 = 10, मंगरूळपीर–मानोरामार्गे 4+3+4 = 11. म्हणजे मालेगावकडची.

पायरी 3. आता मालेगाव–शेलूबाजार दोरी सोडा. दोन्ही टोकांची मुलं लगेच "चिठ्ठी क्र. 2" काढतात, त्यात ती दोरी नसते. मोठा क्रमांक म्हणजे नवी माहिती, म्हणून सगळे जुनी चिठ्ठी काढून नवी लावतात आणि पुन्हा हिशोब करतात. आता वाशिमची वाट 10 ची.

दोरी तुटली हे कळतं कसं? वायरमधला प्रकाश गेला तर लगेच. नाहीतर हजेरीने. ओएसपीएफमध्ये राउटर सहसा दर 10 सेकंदांनी शेजाऱ्याला "मी आहे" म्हणतो, आणि 40 सेकंद आवाज आला नाही तर शेजारी त्याला गैरहजर धरतो.

पायरी 4 (ही जरूर घ्या). मालेगावने नवा हिशोब केलाय, पण वाशिमला अजून चिठ्ठी मिळाली नाही असं समजा. मालेगावकडे आलेलं कारंजाचं पत्र आता वाशिमकडे जातं, कारण तीच त्याची उरलेली स्वस्त वाट (2+4+2+4 = 12). वाशिम जुन्या नकाशावरून ते परत मालेगावला पाठवतं! सगळ्यांचा नकाशा सारखा होईपर्यंत पत्र टोलवलं जातं. ते कायमचं फिरत राहू नये म्हणून प्रत्येक पत्रावर एक आकडा असतो, दर टप्प्याला तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की पत्र रद्द. व्हिडिओ कॉल क्षणभर अडकून पुन्हा चालू होतो, त्यामागचं एक कारण हे असू शकतं.

दोन वाटा खरंच दोन आहेत का?

आता मुलांना विचारा, "मानोरा–कारंजा आणि शेलूबाजार–कारंजा दोन्ही दोऱ्या सोडल्या तर?" कारंजा एकटं पडतं. हिशोब कितीही हुशार असो, नसलेली वाट तो काढू शकत नाही.

याचं मोठं उदाहरण 30 जानेवारी 2008 चं आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट मंदावलं. केबल दोन होत्या, नावं वेगळी होती, पण समुद्राचा भाग तोच. उरलेल्या वाटांवर गर्दी झाली. यातून दोन धडे मिळतात : पर्यायी वाट वेगळ्या जागेतून जायला हवी, आणि तिच्यात जादा भार पेलण्याची ताकद हवी. एकाच नालीत टाकलेल्या दोन वायरी जेसीबीच्या एका फटक्यात तुटतात.

आपल्या गावांचा प्रश्नही हाच आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट योजनेत आधी बरीचशी जोडणी सरळ रेषेत होती, म्हणजे मधे वायर तुटली की पुढची गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणी ठरवली आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने माहिती जाईल. शाळेची ऑनलाइन माहिती आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ज्या वायरीवर अवलंबून असतात, तिच्यासाठी हा फरक छोटा नाही.

मुलांसाठी प्रश्न

1. कोणती एक दोरी सोडली तर एखादं गाव पूर्ण तुटेल? (उत्तर : एकही नाही. का ते शोधा.)
2. मालेगाव हे मूलच खाली बसलं तर रिसोडहून कारंजाला किती गुण लागतील? (उत्तर : 14)
3. आपल्या गावाला बाहेर पडायचे रस्ते किती? त्यातले किती एकाच पुलावरून जातात?

तिसरा प्रश्न घरचा अभ्यास म्हणून द्या. पालकहो, मुलांसोबत बसून गावाचा नकाशा काढा. पावसाळ्यात कोणता पूल बुडतो हे तुम्हालाच जास्त माहीत असतं.